आईच्या रिपोर्टमधला ठळक आकडा

रक्त द्यायला हल्ली लॅबपर्यंत जावं लागत नाही. वसई-विरारच्या कुठल्याही सोसायटीत सकाळी सातच्या सुमारास पाठीला बॅग लावलेला मुलगा दारात येतो, नळीभर रक्त घेतो आणि संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते. ती बहुतेक वेळा आईबाबांच्या मोबाइलवर येतच नाही, मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवर येते आणि विरार लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्या उघडली जाते. साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन अशी पानं सरकवत थायरॉईडच्या पानावर आलं की एक आकडा ठळक छापलेला दिसतो : टीएसएच ६.८. आईचं वय शहात्तर. ती हल्ली लवकर थकते, पोट साफ होत नाही म्हणते, शेजाऱ्यांची नावं विसरते. इंटरनेटवर शोधलं तर ही सगळीच थायरॉईडची लक्षणं निघतात. गाडी विरारला लागेपर्यंत घरच्या ग्रुपवर निरोप गेलेला असतो, ‘आईला थायरॉईड निघालाय.’

शहात्तराव्या वर्षी ६.८ हा आकडा आजाराचा असू शकतो, नसूही शकतो. तो ठरवायला टीएसएचखेरीज आणखी चार गोष्टी लागतात : टी-४ किती आहे, वय काय आहे, रक्त कुठल्या परिस्थितीत दिलं आणि दुसऱ्यांदा तपासल्यावर आकडा काय आला. तरुण माणसाचा रिपोर्ट वाचताना यातलं एखादं निसटलं तर फारसं बिघडत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र नको असलेली गोळी आयुष्यभर मागे लागते, किंवा खरा धोका नजरेआड राहतो.

टीएसएच थायरॉईडचा नसतो

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी असते. तिला मराठीत अवटु ग्रंथी म्हणतात, पण बोलताना सगळे थायरॉईडच म्हणतात. ती मुख्यतः टी-४ आणि थोडं टी-३ ही संप्रेरकं बनवते. नावातला आकडा आयोडीनच्या अणूंचा आहे : टी-४ मध्ये चार, टी-३ मध्ये तीन. पेशींमध्ये काम करतं ते टी-३. शरीर गरजेप्रमाणे टी-४ मधला एक आयोडीन काढून ते तयार करतं. हृदयाची गती, आतड्यांची हालचाल, शरीराची ऊब, कोलेस्टेरॉलचा निचरा, सगळ्याचा वेग या संप्रेरकांवर ठरतो.

टीएसएच मात्र या ग्रंथीत तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी झालं की वरून कोणीतरी वॉचमनला मोटर लावायला ओरडतं आणि टाकी भरत आली की गप्प बसतं. टी-४ हे पाणी, थायरॉईड ही मोटर आणि टीएसएच हा ओरडा. म्हणून रिपोर्टमध्ये उलटं गणित दिसतं. थायरॉईड कमी काम करत असेल तर टीएसएच वाढतो, जास्त काम करत असेल तर टीएसएच जवळजवळ शून्याला टेकतो.

पिट्यूटरी फार संवेदनशील असते. रक्तातलं टी-४ निम्म्यावर आलं तर टीएसएच दुप्पट होऊन थांबत नाही, तो शंभरपटीपर्यंत जाऊ शकतो. ग्रंथी खरोखर बंद पडत आली की टीएसएच ४०, ८०, कधी १०० च्याही वर दिसतो तो यामुळेच. त्या मोजपट्टीवर ६.८ म्हणजे अगदी हलकी हाक आहे. मर्यादेच्या दीडपट आकडा म्हणजे दीडपट आजार, असा हिशोब इथे लागत नाही.

परळ, भायखळा आणि स्वस्त झालेली तपासणी

रक्तात इतक्या सूक्ष्म प्रमाणात असलेली संप्रेरकं मोजणं १९५० च्या दशकापर्यंत शक्यच नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी आयोडीन लावलेल्या रेणूंच्या साहाय्याने ते मोजायची पद्धत काढली, रेडिओइम्युनोअसे. त्यासाठी यॅलोबाईंना १९७७ चं नोबेल मिळालं. बर्सन तोवर वारले होते.

किरणोत्सारी आयोडीन हाताळायचं तर अणुशक्तीची संस्था हवी. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळला टाटा मेमोरियलच्या परिसरात रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं. थायरॉईडच्या तपासण्या आणि किरणोत्सारी आयोडीनचे उपचार तिथे होऊ लागले. या अणुसंशोधन केंद्रात काम करताना थायरॉईडच्या जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये भायखळ्याच्या एका छोट्या जागेत थायरोकेअर सुरू केली. गावोगावचे नमुने एका ठिकाणी आणायचे, रात्रीतून मोठ्या यंत्रांवर तपासायचे आणि दर खाली आणायचे, ही त्यांची पद्धत. पुढे इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. आज वसईच्या आजीच्या तपासणीत थायरॉईड सहज घातला जातो, त्याचं मूळ या मुंबईतल्या गोष्टीत आहे.

त्याचा फायदा मोठा. पूर्वी वर्षानुवर्षं न कळणारा आजार आता लवकर कळतो. पण आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी डॉक्टरांना शंका आली की तपासणी व्हायची. आता तपासणी आधी होते आणि शंका नंतर येते. काहीच तक्रार नसलेल्या हजारो वृद्धांच्या हातात किंचित वाढलेला टीएसएच पडतो, आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न घराघरात पोहोचतो.

मर्यादा कोणी ठरवली?

आकड्याशेजारी छापलेली मर्यादा निरोगी माणसांच्या रक्तावरून काढतात. अनेक निरोगी माणसांचा टीएसएच मोजायचा, वरचे अडीच टक्के आणि खालचे अडीच टक्के सोडून द्यायचे, मधले ९५ टक्के ते ‘नॉर्मल’. म्हणजे निरोगी माणसांतही काहींचा आकडा ठळक येणार हे व्याख्येतच आहे.

शिवाय ही मर्यादा यंत्रागणिक बदलते. एका नामांकित कंपनीच्या यंत्रावर ती ०.२७ ते ४.२० असते, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर ०.३५ ते ४.९४. स्टेशनच्या पूर्वेला एका लॅबमध्ये ४.६ हा आकडा ठळक छापला जाईल आणि पश्चिमेला दुसऱ्या लॅबमध्ये तोच आकडा साध्या अक्षरात येईल. आईच्या थायरॉईडमध्ये काहीही फरक पडलेला नसेल. म्हणून दर वेळी शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासावं आणि आकड्याबरोबर मर्यादाही वाचावी. टीएसएचच्या एककाने गोंधळू नये, काही रिपोर्टवर मायक्रो-आययू प्रति मिलिलिटर असतं, काहींवर मिली-आययू प्रति लिटर. दोन्ही एकच.

एकाच माणसाचा टीएसएचही स्थिर नसतो. रात्री झोपेच्या सुमारास तो चढतो, दुपारी उतरतो. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन नमुन्यांत ४० टक्क्यांपर्यंत फरक काहीही आजार नसताना पडू शकतो. मागच्या खेपेला ४.४ आणि या खेपेला ५.७ आला तर ‘वाढला’ असं लगेच म्हणता येत नाही.

वयाचा हिशोब

लॅबची मर्यादा पंचविशीच्या मुलीला आणि ऐंशीच्या आजीला सहसा एकच छापलेली असते. वय वाढतं तसा निरोगी माणसांचाही टीएसएच वर सरकतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून वयोगटवार मर्यादा काढल्या, तेव्हा विशीतल्या माणसांची वरची मर्यादा ३.५६ निघाली आणि ऐंशीपुढच्यांची ७.४९. ठळक ६.८ तरुणाला चुकीचा आणि ऐंशीच्या आजीला वयानुरूप ठरू शकतो.

नेदरलँड्समधल्या लायडन शहरात पंच्याऐंशी वर्षांच्या लोकांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा टीएसएच जास्त होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त नव्हतं, उलट कमी होतं. टीएसएच वाढलेला असणं चांगलं, असा याचा अर्थ नाही. पण इतक्या वयात शरीर थोडं मंद चालत असेल तर ते सावरून घेण्याची तडजोडही असू शकते, असं डॉक्टरांना वाटू लागलं.

मग प्रश्न असा, की अशा वृद्धांना गोळी दिली तर बरं वाटतं का? याचं सगळ्यात नेमकं उत्तर २०१७ मध्ये आलं. युरोपातल्या चार देशांत, पासष्टच्या पुढच्या ७३७ जणांवर ‘ट्रस्ट’ नावाची चाचणी झाली. सगळ्यांचा टीएसएच वाढलेला, टी-४ मात्र योग्य. अर्ध्यांना लेव्होथायरॉक्सिन म्हणजे थायरॉईडची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. सुरुवातीला सगळ्यांचा सरासरी टीएसएच ६.४० होता. वर्षाने औषध घेणाऱ्यांचा ३.६३ झाला. कागदावर उत्तम. पण थकवा, लक्षणं, जगण्याची प्रत या कशातही दोन गटांत फरक नव्हता. आणखी गंमत म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचा टीएसएचही आपोआप ५.४८ वर उतरला होता.

यानंतर २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने तज्ज्ञांच्या मंडळाची शिफारस छापली : टी-४ योग्य असेल आणि टीएसएच २० च्या आत असेल तर बहुतेक प्रौढांना गोळी देऊ नये. गरोदर राहू इच्छिणाऱ्या स्त्रिया, तीव्र लक्षणं असलेले आणि अगदी तरुण यांना ती शिफारस लागू नाही. इतर काही संस्था १० च्या पुढे उपचाराचा विचार करावा म्हणतात. डॉक्टरा-डॉक्टरांत मतभेद दिसतात ते १० ते २० या पट्ट्यात. पण सत्तरीच्या पुढे, टीएसएच १० च्या आत आणि टी-४ योग्य, अशा वेळी थांबून पुन्हा तपासावं यावर बऱ्यापैकी एकमत आहे.

चार रिपोर्ट

हे सगळं कागदावर कसं दिसतं ते चार कल्पित रिपोर्टांवरून पाहू.

पहिला : टीएसएच ६.८, फ्री टी-४ (प्रथिनांना न चिकटलेलं, मोकळं टी-४) योग्य मर्यादेत. वय ७६. हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. याला ‘सबक्लिनिकल हायपोथायरॉईडिझम’ म्हणतात, म्हणजे आकड्यात दिसणारा, पण अजून टी-४ कमी न झालेला. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं, त्याबरोबर एकदा अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी करावी. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईडवर उलटली आहे का, हे ती सांगते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा आजार आज थायरॉईड मंदावण्याचं मुख्य कारण आहे. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावातल्या लोकांचा वीस वर्षं मागोवा घेतला तेव्हा असं दिसलं, की टीएसएच वाढलेला आणि प्रतिपिंडंही असलेल्या स्त्रियांपैकी दर वर्षी सुमारे ४.३ टक्के स्त्रियांची ग्रंथी पुढे पूर्ण मंदावली. प्रतिपिंडं नसतील तर हेच प्रमाण सुमारे २.६ टक्के. म्हणजे दोन्ही असले तरी घाई नाही, फक्त लक्ष ठेवायचं.

दुसरा : टीएसएच ४२, फ्री टी-४ स्पष्ट कमी. इथे वाट पाहायची नाही. ग्रंथी खरोखर थकली आहे. अशा माणसाचा चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, नाडी मंद, कोलेस्टेरॉल वाढलेलं, रक्तातलं सोडियम कमी झालेलं असू शकतं. त्याचं विस्मरणही थायरॉईडमुळे असू शकतं आणि ते गोळीने सुधारू शकतं. डॉक्टर गोळी देणारच, फक्त वृद्धांत, विशेषतः हृदयविकार असेल तर, ती १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने सुरू करून हळूहळू वाढवतात. एकदम पूर्ण मात्रा दिली तर मंद सवयीच्या हृदयावर ताण येतो.

तिसरा : टीएसएच ०.०३. मर्यादेच्या खाली म्हणून अनेकांना हा ‘कमी आहे, म्हणजे बरंच की’ असा वाटतो. खरं तर चौघांत सर्वांत दुर्लक्षित आणि बऱ्याचदा जास्त घातक हाच. त्याबद्दल पुढे.

चौथा : टीएसएच १.९, अगदी मधोमध, पण फ्री टी-४ कमी. टीएसएच योग्य म्हणून पान उलटलं जातं. पण टी-४ कमी असताना पिट्यूटरीने ओरडायला हवं होतं, ती गप्प का? दोष पिट्यूटरीत असू शकतो. आपल्याकडच्या आजींच्या पिढीत याचं एक जुनं कारण सापडतं. घरी किंवा दुर्गम पाड्यावर झालेल्या बाळंतपणात फार रक्त गेलं तर पिट्यूटरीला इजा होते. बाळंतपणानंतर दूध आलं नाही, पाळी परत आली नाही, असा त्या वेळचा इतिहास असतो. शीहान या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३७ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात थायरॉईडबरोबर शरीरातलं कॉर्टिसोलही कमी असू शकतं आणि कॉर्टिसोल आधी भरून न काढता थायरॉईडची गोळी सुरू केली तर धोका होतो. असा रिपोर्ट थेट एंडोक्रायनॉलॉजिस्टला दाखवावा. आणि आईला तिच्या बाळंतपणाबद्दल विचारावं. तो प्रश्न मुलं सहसा विचारत नाहीत.

हे रिपोर्ट वाचताना टीएसएचबरोबर एक गोष्ट कामाला आली, फ्री टी-४. स्वस्त पॅकेजमध्ये पुष्कळदा एकूण टी-३ आणि एकूण टी-४ मोजतात. एकूण टी-४ मधला फार मोठा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो, आणि त्या प्रथिनांचं प्रमाण बदललं की आकडाही बदलतो. आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर फ्री टी-४ मागावा. टी-३ ची तपासणी ग्रंथी जास्त चालत असल्याची शंका असेल तेव्हाच खरी उपयोगी. आजारपणात, विशेषतः हॉस्पिटलमध्ये असताना, टी-३ सहज खाली जातो आणि त्यावरून थायरॉईड मंदावल्याचं निदान करणं चुकीचं ठरतं.

रक्त देण्याआधी

न्युमोनिया, शस्त्रक्रिया, पडून हाड मोडणं अशा कुठल्याही मोठ्या आजारात थायरॉईडचे आकडे वाकडेतिकडे होतात. आजार जोरात असताना टीएसएच खाली जातो आणि माणूस बरा होत असताना तो वर उडी मारतो, कधी १५-२० पर्यंत. बाबांना नुकतंच डिस्चार्ज मिळालं असेल तर त्या आठवड्याचा आकडा खरा मानू नये, साधारण दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासावं.

औषधांची यादी डॉक्टरांना द्यावी. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलं जाणारं अमिओडारोन वजनाने ३७ टक्के आयोडीन असतं. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन येतं. रोजची गरज फक्त १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक गोळी पाचशे दिवसांचा साठा. हे औषध थायरॉईड मंद करू शकतं, उलट जोरातही चालवू शकतं. लिथियम आणि स्टेरॉइडही आकडे बदलतात.

केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतला बायोटिन हा आणखी एक चकवा. काही यंत्रांची तपासणीच बायोटिनच्या रसायनावर चालते. रक्तात जास्त बायोटिन असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो, आणि काहीच नसताना ग्रंथी जोरात चालल्याचं चित्र तयार होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला. अशी गोळी चालू असेल तर तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवावी.

थायरॉईडसाठी उपाशी राहायची गरज नसते, पण साखरेच्या तपासणीमुळे बहुतेक लोक उपाशीच असतात. महत्त्वाचं इतकंच की दर वेळी साधारण सकाळची तीच वेळ ठेवावी आणि थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती रक्त दिल्यानंतर घ्यावी.

शून्याकडे झुकलेला टीएसएच

ग्रंथी जोरात चालली की तरुण माणसाला घाम, थरथर, धडधड, चिडचिड होते. वृद्धांमध्ये हे चित्र फिकं पडतं. आजोबा उलट गप्प होतात, जेवण कमी होतं, वजन उतरतं, उठाबसायला जोर राहत नाही. घरचे म्हणतात, वय झालं. धडधड असलीच तर ती बीपीच्या काही गोळ्यांमुळे दबलेली असू शकते.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम शहरातल्या साठीपुढच्या दोन हजार लोकांचा दहा वर्षं मागोवा घेतला होता. १९९४ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी, त्यांच्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका सुमारे तिपटीने जास्त होता. अशा ठोक्यांमुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. टीएसएच दीर्घकाळ खाली राहिला तर हाडंही ठिसूळ होतात, म्हणजे न्हाणीघरात घसरलेली आजी खुब्याचं हाड मोडून घेते.

आणि या दबलेल्या टीएसएचचं एक सर्वसाधारण कारण थायरॉईडची गोळीच असते. बारा वर्षांपूर्वी सुरू झालेली १०० मायक्रोग्रॅमची गोळी आई तशीच घेत राहते. दरम्यान तिचं वजन दहा किलो उतरलेलं असतं, शरीराची गरज कमी झालेली असते. मात्रा आता जास्त पडते. टीएसएच ०.०३ येतो, कोणी बघत नाही. गोळी घेणाऱ्या प्रत्येक वृद्धाचा टीएसएच निदान वर्षातून एकदा बघायलाच हवा, तो या कारणासाठी. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शनानुसार सत्तर-ऐंशीच्या पुढच्यांना गोळी चालू असताना टीएसएच ४ ते ६ दरम्यान ठेवला तरी चालतो. तो एक-दीडवर आणायचा हट्ट नको.

बाटलीतली गोळी

लेव्होथायरॉक्सिन रक्तात फार हळू घटतं. ते निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलली की पिट्यूटरीला नवीन पातळी पुरती उमगायला सहा आठवडे जातात. त्याआधी तपासणी केली तर अर्धवट आकडा मिळतो आणि मात्रा उगाच वरखाली होते. याच उशिरामुळे एक विचित्र रिपोर्ट दिसतो : टीएसएच १८, टी-४ मात्र मर्यादेच्या वरच्या टोकाला. बहुतेकदा याचा अर्थ महिनाभर गोळ्या चुकल्या आणि तपासणीच्या आठवड्यात नेमाने घेतल्या. विसराळूपणा वाढलेल्या वृद्धांत हे सर्रास होतं. मात्रा वाढवण्याआधी बाटलीतल्या गोळ्या मोजाव्या.

गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. ज्यांना पहाटे उठल्या उठल्या चहा लागतो त्यांना हे जमत नाही. अशांनी रात्री, जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी चालते, डॉक्टरांना विचारून. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पातळ औषधं यांत किमान चार तासांचं अंतर हवं. ती सगळी एकाच डबीत, एकाच वेळी घेतली जात असतील तर थायरॉईडची गोळी पोटातून रक्तात पुरेशी पोहोचत नाही.

ही गोळी उष्णता, प्रकाश आणि ओलाव्याने बिघडते. वसईच्या पावसाळ्यात आठवड्याच्या गोळ्या काढून उघड्या डबीत ठेवणं किंवा बाटली ओट्याजवळ ठेवणं टाळावं. मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून, कपाटात ठेवावी. कंपनी बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघावा.

मीठ, मासळी आणि कोबी

समुद्रकाठी राहतो, रोज मासे खातो, तरी थायरॉईड कसा, हा प्रश्न अर्नाळा-नायगावच्या घरांतून हमखास येतो. मासळीतून आयोडीन मिळतं हे खरं. पण आयोडीन कमी पडल्याने होणारा गलगंड आणि हाशिमोतोमुळे मंदावणारी ग्रंथी या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या भारतीय पाहणीत ५,३६० प्रौढांपैकी १०.९५ टक्के लोकांत थायरॉईड मंदावलेला आढळला. मुंबई, गोवा, चेन्नई या किनारी शहरांत हे प्रमाण ९.४५ टक्के होतं आणि आतल्या शहरांत ११.७३. किनाऱ्याला थोडा फायदा दिसतो, सुटका नाही.

मिठागरातलं मीठ समुद्रातून येतं म्हणून त्यात आयोडीन भरपूर असतं, असाही समज आहे. खाडीकाठच्या मिठागरातल्या खड्या मिठात आयोडीन नगण्य असतं. ते कारखान्यात मिसळावं लागतं, आणि २००६ पासून खाण्याच्या मिठात ते मिसळणं देशभर बंधनकारक आहे. बीपीसाठी म्हणून आयोडीन नसलेलं सैंधव कायमचं सुरू करण्यात काही हशील नाही. उलट आयोडीनच्या जादा गोळ्या किंवा समुद्रशैवालाच्या पुड्या वृद्धांना देणं धोक्याचं, कारण जास्तीचं आयोडीनही ग्रंथी बिघडवतं. आणि शिजवलेला कोबी किंवा फ्लॉवर खाल्ल्याने थायरॉईड होत नाही. वसईच्या वाड्यांतली भाजी निर्धास्त खावी.

एक पान

डॉक्टरकडे जाताना शेवटची पीडीएफ दाखवण्यापेक्षा एका कागदावर पाच रकाने करून न्यावेत : तारीख आणि लॅब, टीएसएच, फ्री टी-४, त्या वेळची गोळीची मात्रा, आणि त्या सुमाराला काय घडलं, जसं आजारपण, नवीन औषध, वजनातला फरक. तीन-चार वर्षांचे आकडे खाली खाली लिहिले की डॉक्टरांना पाच मिनिटांत जे दिसतं ते एकट्या रिपोर्टवरून दिसत नाही. मग तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा आईच्या वयाला जास्त आहे का? गोळी न दिली तर काय होईल? आणि गोळी चालू असेल तर ती अजून तितकीच लागते का? तिसरा प्रश्न घरातून क्वचितच विचारला जातो आणि पुष्कळदा तोच सर्वांत उपयोगी ठरतो.

थकवा, बद्धकोष्ठ, विस्मरण यांची कारणं थायरॉईडखेरीज अनेक असतात : हिमोग्लोबिन कमी, बी-१२ कमी, झोप नाही, ऐकू येत नाही, उदास वाटतं. ६.८ या आकड्यावर सगळं ढकललं की ही कारणं शोधायचं राहून जातं, आणि गोळी सुरू होऊनही आई थकलेलीच राहते. काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. टीएसएच दोन आकडी आणि टी-४ कमी, किंवा टीएसएच ०.१ च्या खाली, किंवा टी-४ कमी असूनही टीएसएच गप्प, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावं. नाडी अनियमित लागत असेल, गुंगी येत असेल, अंग गार पडत असेल तर त्याच दिवशी. बाकीच्या बहुतेक ठळक आकड्यांना दोन-तीन महिने आणि दुसरी तपासणी एवढंच पुरतं. घरच्या ग्रुपवर पाठवायचा निरोप तोवर ‘पुन्हा तपासायचं आहे’ इतकाच असावा.